मेव्हिस ड्रिंगचा शनिवार

लिटल हॅडलबीत मेव्हिस ड्रिंगचं नाव निघालं की लोकांचा आवाज आपोआप खाली येई. "क्लबवर जीव आहे हो बाईचा," असं म्हणत आणि मान हलवत. लिटल हॅडलबी रोव्हर्स फुटबॉल क्लबचे अकरा शर्ट, अकरा चड्ड्या आणि बावीस मोजे ती रविवारी भिजत घाले आणि सोमवारी सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाण्याआधी धुऊन वाळत टाके. लग्न झाल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं. शर्ट मोहरीच्या रंगाचे, त्यावर मरून पट्टे. चिखल मात्र इंग्लंडातल्या लिंकनशरचा, काळा आणि चिवट, कापडाला एकदा लागला की तिथे बटाटे पिकवूनच जाईल असा. दोरीवरचे ते अकरा शर्ट पाहून शेजारची क्वीनी ब्लेड्स कुंपणावरून म्हणे, "धन्य आहेस बाई तू. माझ्या स्वतःच्या नवऱ्याचे मोजे धुताना मला मळमळतं."

मेव्हिस नुसती हसे. लोकांना ते हसू सोशिक वाटे.

खरी गोष्ट अशी होती की मेव्हिसला फुटबॉल अजिबात आवडत नसे. बावीस मोठे बाप्ये गाईंच्या कुरणात एका चेंडूमागे का धावतात, हे तिला कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. तिचा जीव होता तो शनिवारवर. तिचा नवरा क्लिफर्ड हा क्लबचा चिटणीस. शनिवारी साडेबाराला तो कागदांची चामडी पिशवी घेऊन घराबाहेर पडे, तो सहाला परत येई. मधले साडेपाच तास घर मेव्हिसचं. ती बूट काढी, खुर्ची खिडकीकडे वळवी, हॅस्लेटची, म्हणजे डुकराच्या मांसाची, थंड वडी कागदातूनच काढून मोहरी लावून खाई, ताट घेत नसे, आणि रेडिओवरचं नाटक ऐके. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कोणी काही बोलत नसे.

क्लिफर्ड वाईट माणूस नव्हता. तो पीत नसे, ओरडत नसे, वाटाण्याच्या कारखान्यातली वजनकाट्यावरची नोकरी त्याने एक दिवस न चुकवता केली होती. पण खिडकीतून जे दिसेल ते मोठ्याने सांगायची त्याला सवय होती. "दूधवाला आला," तो म्हणे. मग, "दूधवाला थांबलाय." मग, "गेला दूधवाला." रविवारी तर गावात काही घडतच नसे, तरी क्लिफर्डला सकाळपासून दुपारपर्यंत पुरे. तेव्हा ते धुणं म्हणजे मेव्हिसने शनिवारासाठी धरलेलं व्रत होतं. क्लब असेल तर शनिवार असेल, एवढा साधा हिशेब.

क्लबचा इतिहास तसा फार दैदीप्यमान नव्हता. १९०८ साली तेव्हाच्या पाद्रीसाहेबांनी तो काढला, गावातली पोरं शनिवारी दारूच्या गुत्त्यात जाऊ नयेत म्हणून. पोरं खेळ संपल्यावर जाऊ लागली, आणि तहान लागलेली असल्यामुळे दुप्पट पिऊ लागली. मैदान एका शेतकऱ्याचं कुरण, तेही ओढ्याकडे उतरतं. चेंडू जोरात मारला की सरळ पाण्यात. म्हणून खालच्या बाजूला एक माणूस कोळंबी पकडायचं जाळं घेऊन उभा असे, आणि १९२० ते १९५० या काळात क्लबातला सर्वांत चपळ माणूस तोच होता. क्लबने एकच चषक जिंकला, १९३६ साली. अंतिम सामन्याआधी पाहुण्या संघाला हॅडलबीच्या बायकांनी आपल्या हातची हॅमची सँडविचेस खाऊ घातली होती. पाहुण्यांपैकी सहाजण उत्तरार्धात मैदानावर परतलेच नाहीत. या विजयाबद्दल गावात अभिमान होता, पण कोणी खोलात जात नसे.

मग शेतांवर यंत्रं आली. बीट उपटायला, बटाटे काढायला माणसं लागेनाशी झाली आणि तरुण मंडळी लिंकनला, ग्रिम्सबीला निघून गेली. १९७३च्या ऑक्टोबरात क्लिफर्ड एका शनिवारी साडेतीनलाच घरी आला. मेव्हिसचे पाय खुर्चीवर आणि हॅस्लेट तोंडात होतं.

"काय झालं?" तिने घास कसाबसा गिळत विचारलं.

"सामना नाही. आपले सहाच आले. सातापेक्षा कमी असतील तर खेळता येत नाही." त्याने पिशवी टेबलावर ठेवली आणि खिडकीशी गेला. "असे तीन सामने चुकले की लीगमधून नाव काढतात. मग संपलंच. टपाल आलं."

"काय?"

"पोस्टमन आलाय समोर."

मेव्हिसच्या डोळ्यांसमोर पुढचे सगळे शनिवार ओळीने उभे राहिले. क्लिफर्डच्या निवृत्तीपर्यंतचे, आणि त्यानंतरचेही.

त्याच संध्याकाळी तिने इस्त्री तापवली.

मेव्हिसची पद्धत साधी होती. ती कुणाला "खेळशील का?" असं विचारत नसे. विचारलं की माणूस नाही म्हणू शकतो. ती दारात उभी राही, हातावर इस्त्री केलेला, घडी घातलेला शर्ट, आणि म्हणे, "तुमच्यासाठी इस्त्री करून आणलाय." एवढंच. आता एखाद्या बाईने इस्त्री करून आणलेला शर्ट परत कसा करायचा, हे त्या गावात कोणाला शिकवलेलं नव्हतं. पियानो दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांच्या चष्म्याची काच बोटभर जाड होती. त्यांनी शर्ट घेतला आणि म्हणाले, "फार उपकार झाले." खाटकाने घेतला. रेव्हरंड ऑब्री सेल, गावचे पाद्रीसाहेब, यांचं वय एकोणपन्नास आणि गुडघ्यांचं त्याहून जास्त. ते दारात उभे राहून शर्टाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"मिसेस ड्रिंग, शनिवारी माझ्याकडे लग्नं असतात."

"सकाळी लावा की. नवरानवरीला नाहीतरी घाईच असते."

"हो. तेही खरं," पाद्रीसाहेब म्हणाले आणि शर्ट घेतला.

दहाजण जमले. क्लब वाचला. मेव्हिसने पुढच्या शनिवारी हॅस्लेट जरा जास्तच आणलं.

पण नोव्हेंबरात क्लिफर्डने घोटाळा केला. लीगच्या नियमाप्रमाणे दोन्ही क्लबांनी रेषेवर झेंडा घेऊन उभा राहणारा आपापला एकेक माणूस द्यायचा असे, आणि रोव्हर्सतर्फे तो क्लिफर्ड असे. चेंडूवर नजर ठेवून तो रेषेवरून उलटा धावत गेला आणि उलटाच शेणात घसरला. गुडघा मुरगळला. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे ओल्यात उभं राहायचं नाही.

कप्तान लेन एप्टन, गावचा पोस्टमास्तर, टोपी हातात धरून मेव्हिसकडे आला. "झेंड्याला माणूस नाही, मेव्हिस. माणूस नसेल तर सामना नाही."

"मग शोध की एखादा."

"सगळ्या माणसांना तू शर्ट देऊन टाकलेस."

अशा रीतीने डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारी मेव्हिस क्लिफर्डचा रेनकोट घालून, हातात पिवळा झेंडा धरून कुरणाच्या कडेला उभी राहिली. उत्तर समुद्रावरून येणारा वारा थेट तिच्या कानात शिरत होता. आणि घरी तिच्या खुर्चीत क्लिफर्ड बसला होता.

ती सहाला परतली तेव्हा त्याचे पाय स्टुलावर होते. चेहऱ्यावर असं समाधान होतं की तिने लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"मेव्हिस," तो म्हणाला, "मला कल्पनाच नव्हती. शनिवारी दुपारी हे घर किती शांत असतं! आणि रेडिओवर नाटक असतं, तुला माहीत आहे? तू एकदा ऐकायला हवंस."

मेव्हिसने ओला रेनकोट काढला. झेंडा कोपऱ्यात उभा केला. त्या दिवशी बटाटे फार बारीक कापले गेले.

सहा आठवडे झाले, गुडघा बरा झाला. क्लिफर्ड जिना चढताना शीळ घालू लागला. पण शनिवार जवळ आला की त्याला लंगडणं आठवे. "आणखी थोडे दिवस जाऊ देत," तो म्हणे. "शिवाय तू झेंडा फार छान सांभाळतेस, असं लेन सांगत होता. सगळं गाव म्हणतंय."

गाव म्हणत होतं हे खरं, कारण रोव्हर्स जिंकू लागले होते. असं १९३६नंतर झालं नव्हतं. पाहुण्यांनी गोल केला की बहुतेक वेळा मेव्हिसचा झेंडा वर असे, म्हणजे ऑफसाइड, खेळाडू नियमाबाहेर पुढे गेलेला, आणि पंच गोल रद्द करत. रेनकोटातल्या बाईशी हुज्जत घालायला एकही पंच धजावत नसे. एका सामन्यात पाहुण्यांचे पाच गोल असे गेले. त्यांचा कप्तान जवळ येऊन म्हणाला, "बाई, तो आमचा खेळाडू अर्ध्या मैदानाइतका मागे होता हो!" मेव्हिसने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो म्हणाला, "माफ करा," आणि निघून गेला. फेब्रुवारीपर्यंत रोव्हर्स लीगमध्ये चौथे होते.

आणि मेव्हिसचा एकही शनिवार तिचा राहिला नव्हता. ज्यासाठी क्लब वाचवला तेच क्लबने खाल्लं होतं, वर क्लिफर्डला आयतं वाढलं होतं. सोमवारी धुणं, शनिवारी झेंडा, मध्यंतराला चहा, आणि घरी आल्यावर क्लिफर्डकडून नाटकाची गोष्ट ऐकायची, तीही शेवट आधी सांगून.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी आकाश शिशासारखं होतं. मध्यंतरात ती लाकडी झोपडीवजा पॅव्हिलियनमध्ये कपांत चहा ओतत होती. रेव्हरंड सेल बाकावर बसले होते, एक पाय बादलीत घालून. तिने त्यांच्या हातात कप दिला.

"मिसेस ड्रिंग," ते एकदम म्हणाले, "मला एक कबुली द्यायची आहे."

"मला? अहो, ते काम तुमचं ना?"

"दर शुक्रवारी मी थंडी पडावी म्हणून प्रार्थना करतो. कडाक्याची. मैदान दगडासारखं गोठावं, म्हणजे सामना रद्द होईल. गेल्या आठवड्यात मी प्लेगचाही विचार केला. सौम्य प्लेगचा."

बाकावरच्या इतर नऊजणांचे कप तोंडाशीच थांबले.

"ऑब्री!" लेन एप्टन दबक्या आवाजात ओरडला. "आपलं ठरलं होतं ना, बाईसमोर नाही म्हणून!"

"काय ठरलं होतं?" मेव्हिसने किटली खाली ठेवली.

खाटीक आपल्या बुटांकडे बघू लागला. पियानोवाले गृहस्थ भिंतीकडे बघत होते. त्यांना वाटत होतं की ते मेव्हिसकडेच बघत आहेत.

"लेन," मेव्हिस म्हणाली.

"आता कसं सांगू," लेन म्हणाला. "क्लब बंद करावा असं सगळ्यांच्या मनात आहे. आज नाही, सदुसष्ट सालापासून. पण तुला सांगायचं कोणी? बावीस वर्षं तू ते शर्ट धुतेस. शाळेतलं काम करून, थंडीवाऱ्यात. तुझा क्लबवर एवढा जीव, आम्ही म्हटलं, चार शनिवार पाय मोडून घेतले तर काय बिघडलं. तू दारात शर्ट घेऊन आलीस तेव्हा माझी बायको रडली. म्हणाली, जा, खेळ, त्या माउलीसाठी."

"मला फुटबॉलचा तिटकारा आहे," मेव्हिस म्हणाली.

बादलीतलं पाणी तेवढं हललं.

"पण तू झेंडा..." लेन म्हणाला. "ते ऑफसाइड..."

"ऑफसाइड म्हणजे काय, ते मला ठाऊक नाही."

"तीन महिने दाखवतेस!"

"हात गारठला की वर करते. वर केला की जरा रक्त खेळतं."

खाटीक आधी हसला. मग पियानोवाले. मग पाद्रीसाहेब इतके हसले की बादली कलंडली आणि त्यांच्या मोज्याचा रंग जमिनीवर पसरला. लीगमध्ये चौथा क्रमांक! एकमेकांचे खांदे धरून ते हसत होते. हसता हसता त्यातले दोघे खरोखर रडले, सुटल्याच्या आनंदाने. उत्तरार्धाला कोणीच बाहेर पडलं नाही. पाहुणे पंधरा मिनिटं पावसात थांबले आणि आपण काही चुकलो असू असं समजून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी रविवारी, चर्च सुटल्यावर, गावच्या सभागृहात क्लबची सर्वसाधारण सभा भरली. जाताना वाटेत मेव्हिसच्या डोक्यात मात्र वेगळंच चक्र फिरत होतं. आता क्लब जाणार. झेंडा जाणार, धुणं जाणार, ठीक. पण पुढच्या शनिवारी ती घरी असणार आणि क्लिफर्डही घरी असणार. दोघंही. एकाच खिडकीशी.

"दार उघडं आहे," क्लिफर्ड सभागृहाकडे पाहत म्हणाला. "लेन आत गेला."

ठराव लेनने मांडला, पाद्रीसाहेबांनी अनुमोदन दिलं. सगळे हात वर गेले. सहासष्ट वर्षांचा क्लब चार मिनिटांत संपला. हात खाली आले आणि मग कोणी उठेना. मेव्हिस मागच्या रांगेत, क्वीनीच्या शेजारी बसली होती. तिने एकेकाचे चेहरे पाहिले. खाटकाची नजर हळूच बायकोकडे गेली होती. ती वहीत काहीतरी लिहीत होती: शनिवारी माळा आवरणे, शनिवारी आईकडे जाणे. लेनच्या बायकोने तर घराला रंग द्यायचं ठरवून टाकलं होतं आणि ती ते सगळ्यांना सांगत होती. पळायला लागणार नाही म्हणून सुटलेले ते दहा पुरुष आता बसल्या जागी धापा टाकत होते. बायकाही फार खूश दिसत नव्हत्या. क्वीनी तिच्या कानात म्हणाली, "मेले आता आपण. दर शनिवारी हे ध्यान घरात."

मेव्हिस उठून उभी राहिली. बावीस वर्षांत ती सभेत कधी बोलली नव्हती, त्यामुळे सगळे वळले.

"मला यातलं कळत नाही," ती म्हणाली. "पण एवढा जुना क्लब असा टाकीला टोपण लावल्यासारखा बंद करतात का? गोलचे खांब आहेत, जाळ्या आहेत, रोलर आहे, चषक आहे. कुणाला द्यायचं, कसं द्यायचं, कोण ठरवणार?"

"समिती नेमावी लागेल," पाद्रीसाहेब सावकाश म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं. "विसर्जन समिती."

"आणि इतिवृत्तं? १९०८पासूनची आहेत. ती सगळी एकदा मोठ्याने वाचून मंजूर नको व्हायला? नाहीतर नंतर कोणी बोट ठेवायचं."

"बरोबर आहे," खाटीक घाईघाईने म्हणाला. "अगदी बरोबर. नीट व्हायला हवं."

"कधी बसायचं?" लेनने विचारलं.

"सगळ्यांना शनिवारी दुपारची सवय आहेच," मेव्हिस म्हणाली. "पॅव्हिलियनमध्ये. तिथे स्टोव्हही आहे."

दहा हात वर गेले. मागच्या रांगेतून बायकांचेही गेले, त्यांना मताचा हक्क नसताना. फक्त क्लिफर्ड हाताची घडी घालून बसला होता.

"मला जमेलसं वाटत नाही," तो म्हणाला. "गुडघा. आणि शनिवारी जरा... नाटक असतं."

मेव्हिसने आवाज अगदी सरळ ठेवला. "असू दे. गुडघ्याला जपायला हवं. इतिवृत्त लेन लिहील."

"लेन?" क्लिफर्डचे कान लाल झाले. "लेन पेन्सिलीने लिहितो!"

"त्यात काय झालं," लेन म्हणाला. "खोडता येतं."

"खोडता!" क्लिफर्ड उभा राहिला. दोन्ही पायांवर, ठणठणीत. "क्लबचं इतिवृत्त खोडायचं? मी जिवंत असताना?"

पुढच्या शनिवारी साडेबाराला क्लिफर्ड चामडी पिशवी घेऊन घराबाहेर पडला. मेव्हिसने त्याला दारापर्यंत सोडलं, गाठोड्यात मनुकांचा पाव बांधून दिला, आणि तो कोपऱ्यावर वळेपर्यंत हात हलवत उभी राहिली. पलीकडे क्वीनीही तेच करत होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि आपापली दारं लावून घेतली.

विसर्जन समितीचं काम फार बारकाईने चाललं. पहिल्या तीन वर्षांत ते १९१४पर्यंत पोचले. युद्धाच्या काळातली इतिवृत्तं सापडत नव्हती, त्यासाठी उपसमिती नेमली. कोपऱ्यावरचे दोन झेंडे शाळेला द्यायचं ठरलं, मग ते घेण्यापूर्वी शाळाच बंद करण्यात आली, आणि प्रश्न पुन्हा पहिल्यापासून आला. रोलर कुणाचा यावर खाटीक आणि लेन यांचं सव्वा वर्ष बिनसलं होतं. त्या काळात उपस्थिती सर्वांत जास्त होती. पियानोवाले वारले, तेव्हा त्यांच्या जागी त्यांच्या जावयाने अर्ज केला. गावात नवीन आलेली एक तरुण बाई मेव्हिसला एकदा विचारत होती, इथे म्हणे फुटबॉल क्लब होता, तो कधी बंद पडला? "पडतोय," मेव्हिस म्हणाली.

१९८५च्या मार्चमध्ये एका शनिवारी क्लिफर्ड सहाला परत आला, तो उजळलेल्या चेहऱ्याने. टोपी काढायच्या आधीच सांगू लागला.

"मेव्हिस, आज जाळ्यांचं जवळजवळ मिटलं! पलीकडच्या गावच्या बागवान मंडळींना द्यायच्या, वाटाण्याच्या वेलांवर घालायला. सगळ्यांचं एकमत. आता राहिला रोलर आणि चषक. ऑब्री म्हणतो, उन्हाळ्यापर्यंत सगळं आटपेल."

मेव्हिस चूल पुसत होती. तिचा हात थांबला.

"बागवान मंडळींना लेखी विचारलंत?"

"नाही. पण त्यांचा तो अध्यक्ष लेनला रस्त्यात भेटला होता. हो म्हणाला."

"रस्त्यात," मेव्हिस म्हणाली.

क्लिफर्ड खुर्चीत बसला. चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू कमी झाला. "लेखी विचारायला हवं होतं, नाही?"

"मला काय कळतंय त्यातलं. पण उद्या ते म्हणाले, आम्ही मागितल्याच नव्हत्या, तर?"

"आणि जाळ्यांना भोकं आहेत," क्लिफर्ड विचारात पडून म्हणाला. "ती आधी मोजून नोंदवावी लागतील. दोन्ही बाजूंनी."

"तेही आहेच," मेव्हिस म्हणाली. "घाई कसली आहे? सावकाश करा. जेवायला काय करू?"